हर्णै एका दिवसात: आधी लिलाव ठरवा, मग बाकीचं

खाडीकाठची

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली आणि शनिवारपासूनच चिपळुणात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. नवऱ्याची रविवारी ड्युटी, म्हणजे सुट्टी एकच दिवसाची. मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. गुहागर त्या गर्दीत नको, गणपतीपुळे तर नावच काढू नका. हर्णै ठरलं.

पुढचे प्रश्न वाचवण्यासाठी: हे दापोलीजवळचं मुरूड-हर्णै. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, त्याचा याच्याशी संबंध नाही. दरवर्षी कोणीतरी तिकडच्या खोल्या बुक करून इकडचा रस्ता विचारतं.

लिहायला बसले ते एका कारणासाठी. बहुतेक लोक कर्दे-मुरूडला उतरतात, वाळूत लोळतात आणि परतताना 'जाता जाता' हर्णैला अर्धा तास थांबून पापलेट घेतात. माझं म्हणणं उलटं आहे. संध्याकाळचा मासळीचा लिलाव हाच या गावचा दिवस आहे. तो चार-साडेचारला रंगायला लागतो आणि अंधार पडेपर्यंत चालतो. त्याला दोन तास मोकळे ठेवा आणि उरलेला दिवस त्याच्या अलीकडे बसवा.

आम्ही तसंच केलं. उजाडायच्या आत निघालो. परशुराम घाट, भरणे नाका, खेड, मग फुरूस-वाकवलीवरून दापोली. दापोलीत मिसळ. तिथून हर्णैच्या रस्त्याला आसूद लागतं, तिथे केशवराज. गाडी खाली लावायची, सुपारीच्या बागेतून उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि मग चढण. पायऱ्या दमवतात, पण वर देवळासमोर गोमुखातून झऱ्याचं पाणी पडत असतं, तिथे तोंडावर मारलं की भागतं. नवरा सोलापूरचा. जानेवारीत एवढं हिरवं आणि एवढं गार त्याने पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथून त्याला उठवायला वेळ गेला.

हर्णैला किल्ले चार. सुवर्णदुर्ग पाण्यात, आणि त्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. फत्तेगड शोधत फिरू नका, त्याच्यावर अख्खी वस्ती आहे. तुम्ही कोणाच्या तरी अंगणात उभे असता आणि तोच किल्ला असतो. गोवा किल्ला रस्त्यालगतच आहे, तटबंदी चांगली राहिली आहे.

सुवर्णदुर्गाला होडीने गेलो. भाडं होडीचं असतं, माणशी नाही. एक कुटुंब आमच्यासारखंच रेंगाळत होतं, त्यांच्याबरोबर वाटून घेतलं. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीतला मारुती एवढं तरी बघाच. काही ठिकाणी तट बांधलेला नाही, मूळ कातळच तासून उभा केला आहे. आत रान माजलंय, सावली फारशी नाही, पाणी बरोबर न्या. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे 12 किल्ले गेले त्यात हा एक आहे, त्यामुळे होडीवाल्यांना बरे दिवस आलेत. आतला कचराही वाढलाय.

जेवलो मुरूडला, एका घरगुती खानावळीत. त्याला वालाचं बिरडं आणि मोदक, मला सुरमई. (नवरा मासे खात नाही. काटे काढत बसायचं तर जेवायचं कधी, असं त्याचं तत्त्वज्ञान आहे.)

आणि मग लिलाव. मोठ्या बोटी उथळ पाण्यामुळे किनाऱ्याला लागत नाहीत, आत नांगरून उभ्या राहतात. मासळी छोट्या होड्यांतून येते, आणि तिथून पुढे बैलगाड्या. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, गाडीवान दांड्यावर, मागे टोपल्या चढतात आणि गाडी पाणी निथळत वर येते. वर वाळूत मासळीचे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. लिलाव पुकारणारा आकडा म्हणतो, कोणी मान हलवतं, कोणी नुसती भुवई, आणि आकडा चढतो. आपल्याला कळेपर्यंत ढीग विकलेला असतो.

माझ्या शेजारी एक मावशी उभ्या होत्या. बोली सुरू होण्याआधी त्या वाकल्या, टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि अगदी तळातली एक कोळंबी वर काढून बघितली. डोकं बोटात धरून किंचित ओढलं, ते सुटलं नाही. मग बोलीत उतरल्या. टोपली मिळाल्यावर ती वाळूवरच्या प्लास्टिकवर उपडी केली आणि बघता बघता चार भाग पाडले: मोठी कोळंबी, बारीक कोळंबी, ढोमी-मांदेली, आणि सुकवायला जाणारं बाकीचं. कमरेच्या पिशवीतल्या नोटा ओल्याच होत्या. मांदेलीचा वाटा मी त्यांच्याकडूनच घेतला.

मासे न खाणारा नवरा तिथून हलेना. दोन ढिगांचे भाव वेगळे का, हे त्याने शेवटी एका पुकारणाऱ्यालाच विचारलं. उत्तर मिळालं: "एक कालचा, एक आजचा."

घाटमाथा

छान लिहिलंय. पुण्याहून एका दिवसात होईल का? सकाळी चारला निघालो तर?

खाडीकाठची

होईल, पण करू नका. ताम्हिणी-माणगाव-मंडणगड किंवा वरंध-महाड-खेड, कुठूनही आलात तरी जायचे पाच तास धरा. लिलाव बघून सूर्यास्तानंतर निघायचं म्हणजे घाट मध्यरात्री. दापोलीत एक रात्र काढा.

अर्धाकप

आम्ही दोघं गेल्या दिवाळीत गेलो होतो. मासळी ताजी, वाद नाही. पण बाजारातून घेतलेली सुरमई एका हॉटेलात करायला दिली तर तिचे तुकडे मोजून कमी भरले, आणि शिजवायचा दर मासळीच्या भावाला टेकला. नाव लिहीत नाही. पण करायला देण्याआधी दर विचारा, आणि तुकडे त्यांच्यासमोर मोजा.

दुसरं म्हणजे भाव. लिलावात स्वस्त मिळतं हा भ्रम आहे. टोपलीभर घेणाऱ्याला स्वस्त. दोन पापलेटं घेणाऱ्याला दादरच्या बाजारापेक्षा थोडंफार कमी, एवढंच.

पाजेवरची

माझं माहेर पाजपंढरीचं, हर्णैला लागून असलेल्या कोळ्यांच्या गावचं. वडील, काका, दोन्ही भाऊ बोटीवर. म्हणून जरा लांब लिहिते.

अर्धाकप दादा म्हणतात ते खरं आहे. लिलाव व्यापाऱ्यांसाठी असतो. पाहुण्याने बोलीत उतरू नये. आकडा टोपलीचा असतो की किलोचा, हेच बऱ्याच जणांना कळत नाही, आणि चुकून बोली त्यांच्यावर सुटली की मग 'आम्हाला एकच किलो हवंय' म्हणून सगळ्यांचा खोळंबा. बाजूला बायका वाटे लावून बसलेल्या असतात त्यांच्याकडून घ्या. भाव करा, पण अर्ध्यावरून सुरू करू नका. त्या बाईने तो माल आत्ताच तुमच्यासमोर रोख पैसे मोजून घेतलेला असतो.

फोटोबद्दल. ढिगाचा काढा, बोटीचा काढा. माणसाचा काढायचा तर विचारा. माझी आई एका सुट्टीत वैतागून म्हणाली होती, "बोली ऐकू का यांच्याकडे बघून हसू?" गाडीच्या वाटेत उभं राहू नका, वाळूत भरलेली गाडी चढवताना बैल मधे थांबवता येत नाही. आणि टोपली ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. आमच्यात ते वाईट दिसतं.

एवढ्या पैशाला मासळी का, असं विचारतात म्हणून सांगते. मोठी बोट दोन-चार दिवस बाहेर राहते. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, शिधा हे सगळं बोट सुटायच्या आधी घातलेलं असतं. जाळ्यात काय येईल ते नशीब. माझा भाऊ तांडेल आहे, म्हणजे बोटीचा कप्तान. परत येताना त्याचा फोन लागला की आई 'किती मिळालं' विचारत नाही, 'डिझेल सुटलं का' विचारते.

नवखी_गृहिणी

@पाजेवरची ताई, ताजी कशी ओळखायची ते सांगा ना. माझ्या गळ्यात नेहमी कालचंच मारतात.

पाजेवरची

कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. तपकिरी झाले की सोडून द्या. डोळा फुगीर आणि काळा, आत गेलेला नको. अंगावर बोट दाबा, खड्डा राहता कामा नये. पापलेट डोक्याजवळ दाबलं की पांढरट पाणी आलं पाहिजे. बांगड्याचं पोट फुटलेलं घेऊ नका. कोळंबीचं खाडीकाठची ताईंनी लिहिलंच आहे, डोकं सैल म्हणजे जुनी. बोंबील लांबच्या प्रवासाला नेऊच नका, तो पाणी सोडतो. त्यापेक्षा सुके न्या.

न्यायचं असेल तर पोट आणि कल्ले तिथेच काढून घ्या, तुकडे घरी करा. थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, मग मासळी, वर परत बर्फ. खोक्याला तळाशी भोक पाडा. वितळलेल्या पाण्यात मासळी बसली की चव गेली.

भरतीओहोटी

एक भर घालतो. जायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा. आमच्याकडे जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि उधाण मोठं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

26 जानेवारीला माघ शुद्ध अष्टमी होती, म्हणजे भांगाचं पाणी. भरती-ओहोटीत फरक कमी, समुद्र त्या मानाने शांत. सुवर्णदुर्गाला असे दिवस बरे. उधाणात किल्ल्यापाशी उतरताना लाट होडी कातळावर घेते, तेव्हा होडीवाला नको म्हणाला तर हुज्जत घालू नका.

घाटमाथा

पाऊणने गुणायचं! हे शाळेत शिकवलं असतं तर पावकी-पाऊणकी पाठ केली असती.

प्राणीप्रेमी

सगळं ठीक, पण खारट पाण्यात उभ्या बैलांचं कौतुक करणं मला जड जातं. त्यांच्या खुरांचं काय होत असेल? एवढ्या वर्षांत साधी जेट्टी का होत नाही?

पाजेवरची

प्रश्न योग्य आहे. बैल गाडीवानाच्या घरचे असतात, काम संपलं की गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय आमच्याकडे त्यांना बांधत नाहीत. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. जेट्टी आम्हालाही हवी आहे, मी लहान होते तेव्हापासून तेच ऐकतेय. बोट थेट धक्क्याला लागली तर बैलही सुटतील आणि आमच्या बायकाही. अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर टोपली आणणं हे फोटोत चांगलं दिसतं तेवढंच.

खाडीकाठची

हे वाचून बरं वाटलं. बैलगाड्यांचं दृश्य बघण्यासारखं आहेच, पण ते तसंच राहावं अशी इच्छा आपण पाहुण्यांनी धरू नये.

टेम्सकाठचा

मूळचा दाभोळचा, सध्या मुक्काम लंडन. सुवर्णदुर्गाची एक शेपटी इथे आहे म्हणून लिहितो.

एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारानिशी सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशवे तेव्हा आंग्र्यांच्या विरोधात आणि कंपनीच्या बाजूला होते, आपल्याच आरमाराच्या मुळावर उठायची ही आपली जुनी खोड. जेम्स पैसा आणि नाव कमावून परत आला, 1783 मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीसाठी आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिलवर एक तीन कोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे इंग्रजी तोंडातला सुवर्णदुर्गच. 63 फूट उंच, दाट झाडीत. आम्ही नवरा-बायको एका रविवारी चढून गेलो होतो. वरून लंडन दिसतं. बायको म्हणाली, ज्याचा किल्ला गेला त्याचं तिकडे काय आहे?

भरतीओहोटी

तुळाजी पुढच्याच वर्षी, 1756 मध्ये, विजयदुर्ग पडला तेव्हा पेशव्यांच्या कैदेत गेले. पुढे सुटले नाहीत. त्यांच्या नावाचं हर्णैला काही बघितल्याचं मला आठवत नाही.

बागायतदार

मुरूडला माझी बाग आहे. धाग्यात आमच्या गावाला खानावळीपुरतं ठेवलंत म्हणून आलो. मुरूड महर्षी कर्व्यांचं गाव, तेवढं तरी लिहा. गावातला जुना रस्ता, दोन्ही बाजूंनी माड-पोफळी, सकाळी चालत गेलात तर समुद्रापेक्षा तोच लक्षात राहील.

आता पूर्वीसारखी सावली नाही, हेही सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्यात आंजर्ले, मुरूड, हर्णै, केळशी, सगळ्या पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं घेते, माड त्याहून जास्त. तुम्हाला रस्त्यात मधेच उघडी आभाळाची खिडकी दिसते ना, तिथे माझ्या आजोबांची झाडं होती. नवीन लावलीत, आत्ता कुठे शिपणं लागू पडतंय.

आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींबद्दल: सकाळी समुद्र शांत असेल तर दिसतात. पण चार बोटी एका कळपामागे लागलेल्या दिसल्या तर आपल्या बोटवाल्याला थांबायला सांगा. पैसे त्याला तेवढेच मिळतात.

अर्धाकप

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा कोणी उल्लेख केला नाही, आश्चर्य आहे. हर्णैहून पाजपंढरीवरून जोग नदीच्या पुलाने पलीकडे गेलं की आलंच. मूर्ती उजव्या सोंडेची. वरून सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा सगळा किनारा एका नजरेत येतो. पूल नव्हता तेव्हा तरीने जायला लागायचं.

खाडीकाठची

मुद्दाम टाळलं. केशवराज आणि आंजर्लं दोन्ही केलं की सुवर्णदुर्ग किंवा लिलाव यातलं एक घाईत उरकावं लागतं. पायऱ्या चढवत नसतील त्यांनी केशवराज सोडून आंजर्लं करावं, गाडी देवळापर्यंत जाते.

नवखी_गृहिणी

भाव कोणीच लिहिले नाहीत! पापलेट काय किलो होतं?

खाडीकाठची

लिहीत नाही, कारण तुम्ही जाल तेव्हा तो आकडा दाखवून भांडाल. त्या दिवशी लाँग वीकेंड होता, पापलेट मी विचारलं आणि पुढे सरकले. आपला राज्यमासा आहे तो 2023 पासून, त्याच्या तोऱ्याने वागतो. मांदेली, म्हाकुल आणि एक मध्यम सुरमई घेतली. मांदेली रात्री साडेदहाला तांदळाच्या पिठात घोळवून तळली. नवऱ्याने ताटातली एक उचलून शेपटीकडून कुरतडली. काटा लागला नाही म्हणे. पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

बागायतदार

पापलेटची गोष्ट निघाली म्हणून. तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका, कोणी कितीही स्वस्त देवो. ते अजून अंड्यावर आलेलं नसतं.

पाजेवरची

बरोबर. पण हे फक्त घेणाऱ्यांना सांगून भागणार नाही. रात्री दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटी आधी थांबल्या पाहिजेत. एलईडीच्या मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली आहे. तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, क्षितिजावर कुठे उजेड दिसतो ते. आमच्या छोट्या बोटीवाल्यांच्या जाळ्यात मग जे उरतं ते येतं.

नवखी_गृहिणी

शेवटचा प्रश्न. आम्ही दोघं मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनमध्ये जायचं म्हणतोय, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत, सासूबाई मुलांना सांभाळणार आहेत. गाडी नाही, एसटीने. जमेल ना?

पाजेवरची

ताई, जूनमध्ये नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, किनारा रिकामा. बोटी वर ओढून शाकारलेल्या दिसतील आणि जाळी विणणारी माणसं, बस. मेच्या शेवटी वारं फिरलं की बऱ्याच बोटी बंदीच्या आधीच वर येतात. 20 मेच्या आत या. शिमग्याच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा आमचे सगळे खलाशी घरी असतात.

स्वतःची गाडी नसेल तर कोकण रेल्वेने खेडला उतरा, पुढे एसटीने खेडहून दापोली आणि दापोली स्टँडवरून हर्णै किंवा आंजर्ले गाडी. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते दापोली स्टँडवर आधी विचारून ठेवा, लिलाव त्या हिशोबाने बघा. चुकली तर दापोलीपर्यंत शेअर रिक्षा मिळते, पण अंधार पडल्यावर त्या कमी होतात.

नवखी_गृहिणी

मग मेचा दुसरा आठवडा. तिथी बघितली, ओहोटी दुपारी येतेय. खोकं घरचंच आणते, भोक पाडून.